अर्धा इंच

पापाची तिकटीच्या मागं माझं दुकान.
काच, पट्टी, खिळे, सरस.
लग्नं फ्रेम केली, पैलवान फ्रेम केले,
अंबाबाई तर वर्षाला दीडशे.
आणि देखावे. या गावात देखाव्यांना तोटा नाही,
रविवारी पोरं बोर्ड घेऊन रंकाळ्यावर बसतात,
सोमवारी माझ्याकडं येतात, कडा अजून ओल्या.

प्रत्येक चित्राचा अर्धा इंच मी खातो,
चारी बाजूंनी.
माउंटखाली काहीतरी दाबावंच लागतं,
नाहीतर कागद सुटतो.
एकतीस वर्षांत कुणी हिशेब मागितला नव्हता.

अंकुश झोरे दोन कागद घेऊन आला.
एक छापील, मासिकातून फाडलेला :
पांढऱ्याफटक खोडाचं झाड, मागं जांभळे डोंगर,
धुऊन वाळत घातल्यासारखं आभाळ.
ऑस्ट्रेलिया, म्हणाला. तिथल्या मूळ माणसानं काढलेलं.
"देखावा वाटतोय ना, मामा?
त्याच्या आईकडचा डोंगर हाय तो.
दुसऱ्या कुणाचा असता
तर विचारल्याबिगर काढला नसता त्यानं."
मी म्हटलं, मग आमची पोरं रंकाळा कुणाला विचारून काढतात?
तो हसला. मग बराच वेळ हसला नाही.

दुसरा कागद त्याचा स्वतःचा.
खरं सांगतो, वरची बाजू कुठली तेच कळेना.
जांभ्या दगडाचा तांबडा, चुलीतला काळा,
ठिपक्यांच्या रांगा, एक वाकडी रेघ, सात गोल.
आभाळ कुठंच नाही.
"हे कुठलं?"
"आमचा सडा. करंजमाळ.
आता जंगलखात्याचा."

माउंट कापायला पट्टी ठेवली
तेव्हा पायरीवरचा म्हातारा उठला.
तोवर मला वाटत होतं, कुणीतरी सावलीला बसलंय.
नवलू झोरे, अंकुशचा बाप.
खांद्यावर घोंगडं,
एकोणीस वर्षं हातकणंगल्याकडच्या वसाहतीत,
पत्ता म्हणजे प्लॉट नंबर आणि एक हापसा.

"तितं पट्टी नगासा ठेवू," म्हणाला.
"तितं झरा हाय."
बघितलं. अगदी कडेला, तीन निळे ठिपके.
"बरं, खालून दाबतो."
"खाली थोरल्या बाचा दगूड हाय."
"डावीकडनं?"
"तिकडनं म्हसरं येत्यात की पाण्याला."
उजवीकडं त्यानं नुसता हात धरला, बोलला नाही.
तिथं कागद कोराच होता.
अंकुश हळूच म्हणाला, "देवाची राई.
ती काढत न्हाईत."

मग म्हातारा बोटानं चालायला लागला.
कागदाला न टेकता, वीतभर वरून,
झऱ्यापासून रेघेरेघेनं वर.
एका जागी दमला, थांबला,
घोंगडं सावरलं, परत निघाला.
तिसऱ्या गोलापाशी पोराकडं बघून म्हणाला,
"हितं तू झालास.
पर दार हिकडं नव्हतं."
अंकुशनं खिशातली पेन्सिल काढली
आणि माझ्या टेबलावर, गिऱ्हाइकं उभी असताना,
घराचं दार फिरवलं.

माउंट केला नाही.
प्लायवर कागद मोकळा बसवला,
चारी कडा उघड्या, काच लांब.
लाकूड जास्त गेलं. पैसे तेवढेच घेतले,
उपकार म्हणून नव्हे, मागायला तोंड नव्हतं.

छापील कागदही तसाच केला.
तेव्हा दिसलं,
त्या पांढऱ्या झाडाची एक फांदी
मासिकवाल्यानंच कापली होती.
पलीकडं काय होतं,
झरा, दगूड, का कुणाचं दार,
हे विचारायला माझ्याकडं त्या माणसाचा पत्ता नाही.

संध्याकाळच्या एसटीनं निघाले.
म्हटलं, खिडकीशी उभी धरा, काच जपा.
म्हातारा म्हणाला, "उभी कशी? पाणी सांडंल की."
मांडीवर आडवी घेतली त्यानं, वर घोंगडं घातलं.
"भिताडाला न्हाई लावायची. भुईवर ठिवू."

हूक तेवढा काढून
मला परत दिला.