चौकटीचा कागद

शाळा सुटली त्याच आठवड्यात
विजयाचं शिवणकाम दुप्पट झालं.
सोलापुरात हे असंच.
पोरांना सुट्टी लागली की
त्यांच्याच गणवेशांची घाई सुरू होते.
ती परक्या पोरांच्या खिशांना टीप मारते,
मी कारखान्यात चादरीवरच्या मोराची
पिसं मोजून कागदावर भरतो,
आणि आमची दोघं
दत्त नगरात, पत्र्याखाली,
त्रेचाळीस डिग्रीत
एका जुन्या फोनवर दोन डोकी टेकवून बसतात.

मीच दिला होता तो. खोटं कशाला बोलू?
उन्हात जाऊ नका म्हणालो,
भांडू नका म्हणालो,
आणि गप्प बसण्याचं भाडं म्हणून
महिन्याचं नेट मारून दिलं.

मेच्या मधावर
प्रणीत ताटाकडे न बघता जेवायला लागला.
चटणी समजून मीठ खाल्लं एकदा, कळलंही नाही.
मग पाण्याचा दिवस आला,
पाच दिवसांनी येतं आमच्याकडे.
पिंप भरलं, वाहिलं, पाणी बोळात गेलं,
शेजारची यल्लव्वा दार बडवून गेली,
हा तिथेच. कानात तार.
त्या रात्री मी फोन हिसकावला,
तांदळाच्या डब्यात खोल पुरला,
झाकणावर पाटा ठेवला.

दोन दिवस घरात सुतक.
तिसऱ्या दिवशी हर्षिणी, अकराची आहे,
आईवर गेलीय, शब्द मोजून टाकते,
म्हणाली,
"नाना, तुमचा कुठल्या डब्यात?"

मी खाटेवर आडवा.
अंगठा वर सरकत होता.
कुठल्याशा गावात कुणीतरी नाचत होतं
आणि मी ते बघत होतो असंही नाही.
विजयानं काज करता करता दातानं दोरा तोडला.
हसली नाही,
पण तोडला जरा जोरात.

तेव्हापासून जेवताना तिन्ही फोन तांदळात.
कुणाचा वाजला की
डब्यातले दाणे थरथरतात.
आम्ही कडक भाकरी मोडत
कोण असेल यावर पैज लावतो.

रविवारी मी ग्राफचा कागद घरी आणला.
एक घर म्हणजे एक धागा, सांगितलं,
इथे भरलं तर तिथे उचलतो,
बाकी सगळं मागाला समजतं.
"हे तर पिक्सेल, का बे नाना!" प्रणीत ओरडला
आणि डब्याकडे धावला.
मी अडवणार होतो. नाही अडवलं.
फोनवर त्यानं घरं भरायचं काहीतरी शोधलं,
पत्र्यावरची पाल काढली, शेपटीसकट.
हर्षिणीनं ती कागदावर उतरवली,
बत्तीस घरं चुकली,
मी नऊ सुधारली, बाकीची
राहू दिली. पाल जिवंत वाटत होती.
संध्याकाळी भिवंडीच्या अत्तेला व्हिडिओवर दाखवली,
ती तेलुगूत इतकी हसली की
फोन टेकवलेला तांब्या कलंडला.
मग ऊन उतरलं, दोघं कंबर तलावाकडे पळाली
आणि फोन भिंतीला टेकून
एकटाच राहिला.

इथं संपवलं असतं, पण परवा
माझ्या फोनला चार्जर बसेना.
भोकात तांदळाचा दाणा.
म्हणजे रात्री कुणीतरी
डबा उकरला होता.
प्रणीत भिंतीकडे बघत होता, बिनधास्त.
त्याला बघावं लागणारच नव्हतं माझ्याकडे.
विजयानं सुई दिली.
सगळ्यांसमोर मी तो दाणा काढला,
अख्खा निघाला नाही, तुकडे झाले.

हर्षिणीनं भिंतीवर सुट्टीचा कागद लावलाय,
चौघांच्या चार रांगा,
डबा पाळला त्या दिवसाचं घर रंगवायचं.
बोलली काहीच नाही.
स्केचपेन घेतलं, तीन घरं भरली,
माझं तसंच सोडलं.

मोराचा डोळा आम्ही असाच काढतो,
सगळं भरायचं,
एक घर
सोडून.