तीन भांड्यांचा मिक्सर

घणसोलीच्या मैदानात पुरुषांना पहिलं बक्षीस
मोटरसायकल.
आम्हाला मिक्सर. तीन भांड्यांचा.
आम्ही बारा जणी.

सर म्हणाले, आळीपाळीनं वाटा चटणी.
जयमाला मढवी हसली नाही.
सेमीफायनलला ओठ फाटला होता तिचा,
टाके न घालताच ती पुढच्या चढाईला गेली होती.

मिक्सर मंडळाच्या कपाटावर. खोकासुद्धा फोडला नाही.
कुणाच्या लग्नात द्यायचा नाही हा,
जयमाला म्हणाली,
पुरावा आहे.

चार वर्षं आमची मॅच दुपारी साडेबाराला,
माती तव्यासारखी,
सावली पायाखाली चेंगरलेली,
बघायला मंडप बांधणारे दोघे
आणि माझी आई, डोक्यावर पदर ओढून.

दरवर्षी तोच अर्ज. अक्षर जयमालाचं.
बक्षिसाचं समिती अजून 'बघू' म्हणते.
वेळ तेवढी बदलली यंदा:
रात्री आठ.

दिवे लागले. खाडीकडून चिखलाचा वास.
मधल्या रेषेपाशी वाकून मी दम भरला
तर चार खांबांच्या उजेडात
माझ्या चार सावल्या,
त्यातल्या दोन
आधीच पलीकडे.