रवण

नवव्या रात्री मनगटावर काहीतरी चाललं.
बॅटरी लावली तर मिरपुडीचा कण,
चिरडला तर लाल.
कुणाचं रक्त ते विचारावं लागलं नाही.
पुतळीचा तुरा चार दिवसांत
जास्वंदीवरून पेरूच्या गरावर आला होता.

खारोडीत, मोरीच्या भिंतीला लागून, आंब्याच्या पेटीत
ती रवणीला बसलीय.
खाली मढच्या सुगंधा वैतीनं दिलेली नऊ अंडी,
प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.
वरच्या पत्र्यावर शेजारच्या टॉवरातलं
एसीचं पाणी टपकतं, रात्रभर, एकाच जागी.
हात घातला की फुगते, घशात खरखरते, चोच मारते.
मला मारते. जे पितायत त्यांना नाही.

परळच्या डॉक्टरांना फोन लावला.
म्हणाले, पावडर नको, अंड्यांखाली तर नकोच,
कवचाला भोकं असतात बाई, आपल्याला दिसत नाहीत इतकी.
आणि जंताचं?
ते पिल्लं निघाल्यावर.
आत्ता ती दिवसाला चार दाणे खाते,
त्या पोटात औषध कशाला.

फिलूमाय कुंपणावरून म्हणाली, रॉकेल पूस, मोकळी हो.

असंच एकदा माझ्यावरून बोलणं झालं होतं.
सातवा महिना, मलेरिया, म्युन्सिपालटीचा वॉर्ड,
पलंगाच्या पायथ्याशी दोन डॉक्टर:
कुठली गोळी आत पोचते, कुठली पोचत नाही.
मी डोळे मिटून ऐकत होते.
मला थंडी वाजत होती एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं.

दिवसा तिच्या अंगावर एक सापडत नाही.
पिसं उलटी करून बघितली, पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी,
स्वच्छ.
मग पेटी उलटी केली.
खिळ्यांच्या मुळाशी, फळीच्या सांध्यात,
पोट भरून झोपलेली अख्खी वस्ती.
म्हणजे औषध घराला द्यायचं होतं.

पुतळी दिवसातून एकदाच उठते,
साडेअकराला, नळाचं पाणी जाताना.
मोठी घाण करते, दोन घोट पिते, भांबावून फिरते.
पाव तास.
तेवढ्यात दुसरी पेटी: काल आधण ओतलेली,
उन्हात तापवलेली, सांध्यांना करंजेल चोपडलेली,
आत नवा पेंढा.
अंडी ह्यांच्या माकडटोपीत, टोपी माझ्या पोटाशी.
जाता जाता तिच्या पाठीवर चुलीची राख,
चाळून घेतलेली, मूठभर.

परतली. नव्या पेटीपाशी थांबली.
एक डोळा लावून बघितलं, मग मान वळवून दुसरा.
वास आवडला नाही.
चक्कर मारली, मोरीपर्यंत गेली.
टोपीत अंडी निवत होती की माझा हात,
ते कळेना.
बस गं, म्हटलं. बस माझे आई.
फिलूमाय कुंपणापाशी येऊन उभी राहिली
आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

बसली.
मी एकेक ठेवत गेले, ती चोचीनं ओढून घेत गेली.
ती मोजत नसावी. मी मोजली. नऊ.

मग रोज साडेअकराला आम्ही पेट्या बदलल्या.
मनगटावर तीन, मग एक,
मग दोन दिवस कुणीच नाही, मग पुन्हा एक.
लेकीचा नालासोपाऱ्याहून फोन, निघाली का?
तिला मलेरियाचं सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षं झाली.

एकविसाव्या दिवशी सहा.
दोन अंडी पाण्यासारखी हलत होती,
एकातून टकटक आली आणि थांबली.

पुतळी उठली. दाण्याकडे गेली नाही.
सरळ राखेच्या ढिगात आडवी झाली
आणि इतका वेळ लोळली
की सहाही पिल्लं तिच्याभोवती राखाडी झाली.
तुरा अजून पेरूचाच आहे.

जंताच्या औषधाची बाटली फ्रीजवर ठेवलीय.
रात्री जाग येते,
बॅटरी लावते, मनगट बघते.
काही नसतं.
तरी खाजवते.