सातशे बारा चुका

मार्केट यार्डात, चौगुल्यांच्या अडत दुकानी
कॉम्प्युटर उघडेस्तोवर दिवाणजींचा चहा निवायचा.
बटण दाबायचं, बशीत ओतायचं,
वर साय धरायची,
तेव्हा कुठं पडद्यावर निळं आभाळ.

"मुल्लाबाई, ते सफाईचं लावा की वो,
मागल्या साली लावलंतं बघा."

लावलं.
हिरवी पट्टी सरकत निघाली,
आणि जिनगोंडा मगदूम, वय अडुसष्ट,
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले,
दुसऱ्यानं आपलं घर झाडताना
माणूस बसून बघतो तसं.

सातशे बारा चुका, ते म्हणालं. लाल अक्षरात.
दिवाणजींनी जीभ चावली.
चाळीस वर्षांत त्यांच्या वहीत
सव्वा रुपयाचा फरक, एकदाच,
तोही बँकेचा निघाला.

मी एंटर दाबलं.

कॉम्प्युटर होता तेवढाच मंद.
पण बाहेरचा वजनकाटा मुका झाला.
पोतं काट्यावर, आकडा काट्याच्या डोक्यावर,
पडद्यावर मात्र शून्य शून्य शून्य.
हमाल हुक खांद्याला अडकवून उभे,
राजापुरीची थप्पी अर्धी आत, अर्धी उन्हात.
काट्याच्या जुन्या तारेचं नाव
सफाईनं कचरा समजून पुसलं होतं.

परत आणायला पाऊण तास.
दिवाणजी शेजारी खुर्ची ओढून.
"त्या सातशे बारा खातात काय?"
काही नाही.
"जागा?"
एका फोटोएवढीही नाही.
कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची नावं आहेत,
भंगारात गेलेल्या प्रिंटरचा पत्ता,
कुणाच्या तरी जावयाचा पेनड्राइव्ह,
एकदाच आलेला.
"मग चुका कुणी म्हटलं त्यास्नी?"

मी स्क्रू काढत होते.
कॅबिनेटच्या आत पंखा नव्हताच,
पिवळा गोळा होता.
पात्यांवर बोटभर हळद थापलेली.
रंगाच्या ब्रशनं झाडली, नखांच्या कडा रंगल्या,
जशी कुणाच्या हळदीला जाऊन आले.
मेमरीचा एक तुकडा वाढवला,
सुरू होतानाच रांगेत घुसणारे नऊजण बाहेर बसवले.
आता चहाला वाफ असतानाच आभाळ येतं.

खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं.
विश्रामबागेतल्या गाळ्यात शिकत होते तेव्हा
मालक म्हणाला होता,
मशीनला फरक पडत नाही, गिऱ्हाइकाला पडतो.
साडेतीनशेला एक, त्यातले सत्तर माझे.
पट्टी भरत गेली की लोकांचे खांदे उतरायचे.
"हलकं झालं बघा," म्हणायचे.
मी "हो" म्हणायचे.
किती "हो" विकले, मोजले नाहीत.

हे सगळं मी बोलले नाही.
एवढंच म्हटलं, दिवाणजी, ते काढून टाकते,
कामाचं नाही.

त्यांनी खतावणी पुढं ओढली, लाल कापडाची.
एक पान दाखवलं, वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ.
"उगारे आणि मंडळी. खातं बंद, माणसंबी गेली.
पान फाडलं न्हाई.
शिवलेली वही हाय ही,
हितलं फाडलं की तिकडचं पान सैल हुतंय."

पलीकडच्या शेडात पॉलिशचा ढोल फिरत होता,
आत हळकुंडं एकमेकांना घासत, कडकड कडकड.
"शेकड्याला चार किलो घट," दिवाणजी म्हणाले,
"चकाकी येतीय, दर येतोय.
हळद काय वाढत न्हाई."
आणि माझ्याकडं न बघता टाक पुसला.

मी पर्समधून साडेतीनशे काढून ठेवले.
बिल वेगळं: पंखा, मेमरी, जोडणी.
त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा,
जमेला धरल्या.
नाव लिहिलं: रेहाना मुल्ला.
रक्कम लिहिली.
"तपशिलात काय लिहू?"

मी पिशवीत ब्रश घालत होते.
थोडा वेळ थांबले, मग त्यांनीच लिहिलं,
बारीक, वळणदार अक्षरात:
पॉलिश.

बाहेर काटा परत बोलायला लागला होता.
एकावन्न किलो दोनशे.
कुणीतरी ओरडलं, पोत्याचं वजन वजा करा.