सातात एक

उदगीरला भावाच्या गच्चीवर बसून
मी समुद्राचा तळ वाचते आहे.
समुद्र इथून रात्रभराच्या गाडीइतका लांब.
पत्र्याच्या सावलीत लॅपटॉप, तो तापू नये म्हणून खाली ओला पंचा,
आणि पडद्यावर ब्लॉकची तेरावी लाइन:
जहाजाने पाण्यात हवेचे बार काढले,
खालून जे पडसाद आले
ते काळ्या-पांढऱ्या धाग्यांत मांडले.
सोमवारपर्यंत कळवायचं आहे,
या जुन्या खोऱ्यात तेल असेल का, गॅस असेल का,
असल्यास किती,
नसल्यास किती खात्रीने नाही.

वर पाणी. पाण्याखाली गाळ. गाळाखाली बसाल्ट,
आणि तिथे पडसाद थकतात.
हाच तो काळा दगड. लहानपणी मी याच्यावर चिंचोके फोडले.
त्याच्याखाली एखादी खाडी, तिचं शेवाळ, तिचे किडे
दाबले गेले असतील, शिजले असतील
(जास्त शिजले तर गॅस, त्याहून जास्त तर काहीच नाही),
वाळूच्या खडकात शिरले असतील,
वर झाकण बसलं असेल, वेळेवर.
'वेळेवर'पाशी प्रत्येक अहवाल अडखळतो.

शेजारच्या प्लॉटात सकाळपासून बोअर चालू.
गाडी नामक्कलची. हॅमरचा ठोका
भिंतीतून चढून माझ्या दातांत.
पॉइंट रुक्मोद्दीन चाचांनी काढलेला, तळहातावर नारळ धरून.
ते सावलीला वर आले.
"काय बघूलालीस?"
समुद्राखालचे दगड.
"नारळ कुठंय तुझा?"
मी हवेच्या बारांचं सांगितलं.
एका धंद्यातली माणसं डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली.
"लागल का?"
सातात एक, म्हटलं.
"माझं तीनात एक हाय. पण सांगताना लागतंच म्हणतो.
नाहीतर मशीन कोण लावील?"

तीनशे दहा फुटांवर करडी भुकटी थांबली, लाल आली.
"गेरू लागला," चाचा म्हणाले, "आता बघ."
मला ठाऊक होतं, लाव्ह्याच्या दोन थरांमधली ती उघडी जमीन.
तिच्यावर पाऊस पडला होता, काहीबाही उगवलं होतं,
मग पुढचा रस आला.
माझ्या तेराव्या लाइनवर, अडीच सेकंदांच्या जरा वर,
अशीच एक फिकट पट्टी आहे.
चार दिवस मी तिला गोंगाट समजून वगळत होते.

पाचशे चाळीसला मशीन बंद केलं.
पाणी नाही. ओलही नाही.
प्लॉटवाला फोनवर कुणाशी तरी बोलत लांब गेला.
चाचांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, मलाही दिलं.
"खाली असंल," म्हणाले, "आपुन पोचलो नाव."

हे वाक्य अहवालात चालत नाही.
आमच्यात त्याला अनिश्चितता म्हणतात, टक्क्यांत भरतात.
मी रकाना उघडला. सातात एकचं सहात एक केलं.
पुन्हा सात केलं.
पडद्यावर लाल धूळ बसली होती, नेमकी त्या पट्टीवर.
पदराने पुसली.
पट्टी तशीच.