रविवारची काचपट्टी

आठवडाभर मी रक्त बघते.
परक्यांचं, काचेवर पसरलेलं,
पेशी मोजते, आकडा लिहिते, पुढची काच.
रविवारी लॅब बंद. किल्ली माझ्याकडे.

म्हणून हिराजी तरे आले,
बाळकुमच्या मागच्या तळ्यात ज्यांचं जाळं असतं ते,
पाण्याच्या जुन्या बाटलीत हिरवट काहीतरी घेऊन.
"बाई, याचं रक्त बघा."

मला काही कळलं नाही.
होडीसारखं एक, साखळीसारखं एक,
एक नुसतंच गरगरत पळणारं,
लग्नघरात चुकून शिरल्यासारखी मी.
वहीत लिहिलं: बरंच आहे. नावं माहीत नाहीत.
खाली तारीख, वेळ, ऊन कडक, वारा खाडीकडून.
"वाऱ्याचं काय काम?" हिराजी.
म्हटलं, तो साका एका कोपऱ्यात लोटत असेल.
"असेल काय? हे मला विचारायचं होतं."

मग दर रविवारी सात वाजता
डब्याचं झाकण, त्यावर चार फाका,
दोन पांढऱ्या, दोन काळ्या
(ग्रिलचा उरलेला रंग),
मधोमध भोक, दगडाचं वजन, नायलॉनची दोरी,
वीत-वीत अंतरावर गाठ.
झाकण सोडायचं. दिसेनासं झालं की गाठ मोजायची.
पायरीवर पालथी पडून तस्लीम मोजते,
पाचवीत आहे, नजर माझ्याहून बरी.
"मावशी, पाच. सहावी अर्धी."
अर्धी गाठ नसते गं.
"मग मधे."
मधे, असं लिहिलं.

पाच. पाच. मधे. पाच.
कंटाळा येईल इतकं पाच.
एका रविवारी पाहुणे होते, गेले नाही,
वहीत ती जागा अजून कोरी आहे
आणि पडलेल्या दातासारखी दिसते.
विसर्जनानंतर चार.
पौषात पुन्हा पाच. मी विसरू लागले होते
की आपण कशाची तरी वाट बघतोय.

फाल्गुनात तीन.
हिराजी म्हणाले, पहाटे मासा तोंड वर काढतोय,
पाणी आंबलंय.
पायरीजवळ कुणी रंगाचा डबा सांडल्यासारखं.
काडी घातली तर तंतू उचलला जाईना,
नुसताच थेंब ओघळला.
बरणी भरली, हातमोजे घालून,
फ्रिजमध्ये ठेवली इडलीच्या पिठाशेजारी,
वर चिठ्ठी: हात लावू नये.

खाली बसलं तर एक गोष्ट,
वर आलं तर दुसरी.
सकाळी वर आलं होतं.
बोटभर, सायीसारखं, गर्द.

भिंगाखाली ठिपक्यांचे पुंजके,
कापूस पिंजावा तसे.
पुस्तकातल्या चित्राशी जुळले.
सहा महिन्यांत पहिल्यांदा काही जुळलं
आणि मला आनंद झाला,
टाळी वाजवावी इतका.
मग खिडकीतून तळ्याकडे जाणाऱ्या म्हशी दिसल्या.

विष आहे का, हे काचेवर दिसत नाही.
जात कळते, वागणूक नाही.
रिपोर्टखाली आम्ही छापतो,
"डॉक्टरांचा सल्ला घ्यावा."
तळ्याच्या रिपोर्टखाली काय छापू?

"नक्की वाईट आहे?"
नाही. नक्की नाही. शंका आहे.
हिराजी बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले.
मग होडी पालथी घातली
आणि म्हशीवाल्याशी त्यांनीच भांडण काढलं.
ठेक्याचा हप्ता किती, मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितला नाही.

प्रभाग कार्यालयात अर्जावर शिक्का मिळाला,
तारीख चुकीची, एक दिवस आधीची.
"माणूस पाठवतो," म्हणाले.
नमुना काळ्या पिशवीत, बर्फात, लॅबच्या फ्रिजमध्ये.
रक्ताच्या नळ्या एका कप्प्यात सरकवून जागा केली.

आज पुन्हा सात वाजता.
तस्लीमला सांगितलंय, हात पाण्याबाहेर.
ती दोरी सोडते, मान वाकडी करते.
"मावशी, दोन."
पेन टेकवते मी.
"थांब, थांब. लिहू नकोस.
ऊन डोळ्यावर येतंय. तू सावली धर."