चित्र. चित्र. बटण.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर
बाबी तांडेल मोबाईल कानाशी धरतात.
आमच्या उमेदवार बाईंचं पान उघडतं, फोन वाचतो:
चित्र. चित्र. बटण. चित्र.

“जाहीरनामो खंय आसा?”
त्या चित्रातच आहे, काका. निळ्यावर पांढरी अक्षरं,
मीच बसवली, रात्र जागून.
“मगे माजा मत नको दिसता तुमकां.”
आणि बोटं पुन्हा जाळ्यातलं भोक शोधू लागली.

आज एकेक ओळ चित्रातून सोडवतोय,
जाळ्यातून बांगडा सोडवावा तशी.
राहिला बाईंचा फोटो. त्याचंही वर्णन लिहायचं:
प्रतीक्षा खवणेकर, जेट्टीवर, हसतमुख.
मागे

कर्सर लुकलुकतोय.
फोटोतला गाळ मीच पुसला होता.
बाबींना ती जेट्टी
पायांनी पाठ आहे.